बाबांनी मॅच लावली

मी निवडणुकीला उभी. टीव्हीवरचं माझं डिबेट आणि आमच्या मॉन्ट्रियलच्या टीमची निर्णायक हॉकी मॅच, दोन्ही नेमकी एकाच वेळी, आठला. "वेळ बदला" म्हणून घसा फोडला, पण चॅनलवाले हटले नाहीत.

डिबेटमध्ये ब्रेक झाला. जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून घरी भावाला फोन लावला.

"रेमी, बाबा बघतायत ना मला?"

"नाही गं. मॅच बघतायत."

"मॅच? 'मी बघितलं की आपण हरतो' म्हणत तीस वर्षं प्रत्येक निर्णायक मॅचला गॅरेजमध्ये जाऊन बसणारा माणूस?"

"हो ना! तीन गोल खाल्लेत आपण. उठा म्हटलं, तर माझ्यावरच खेकसले,



'इथून उठलो, तर पोरीला बघितल्याशिवाय राहवणार नाही मला!'"