समोर कुणी असलं की

सुनीतीचा प्रोग्राम सकाळपासून छळत होता. एकाच वेळी चार कामं करणारा तो, एकटा चालवला की मध्येच थिजायचा. आणि चूक शोधायला डिबगर लावून नजर ठेवली, की शहाण्या बाळासारखा शेवटपर्यंत धावायचा.

"दीदी, डिबगर लगाते ही उसकी चाल धीमी हो जाती है," बाजूच्या टेबलावरचा लोकेश म्हणाला. "फिर काम आपस में टकराते ही नहीं. उसको अकेला छोड़ो, तब पता चलेगा."

सुनीतीचा हात कीबोर्डवरच थांबला. बूढ़ापारा मोहल्ल्यात एकट्या राहणाऱ्या तिच्या वडिलांचा, नानांचा, तोल जातो, असं शेजारच्या अंजनाबाई परत परत सांगत होत्या. पण रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर नाना इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसलेले असायचे. "मले काय धाड भरली? तू आपलं काम कर."

ती तशीच उठली. तेलीबांध्याच्या ऑफिसातून स्कूटर दामटत नानांच्या घरी आली आणि बेल न वाजवता आपल्या किल्लीनं दार उघडलं.

नाना फरशीवर बसून, हातांच्या जोरावर सरकत सरकत माठाकडे चालले होते. तिला पाहताच कडाडले,


"फोन करून काहून नाही आली वं?"