पोच

आमच्या ऑफिसात हिशेब बघणाऱ्या काकांना सगळे पोचकाका म्हणत. कुणाचाही मेल आला की ते 'सर्वांना उत्तर' दाबून एकच शब्द पाठवत: "पोचलं." लिफ्ट बंद आहे? पोचलं. कुणाची छत्री सापडली? पोचलं. आणि खाली मूळ मेल जसाच्या तसा.

त्या दुपारी माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसाठी मेल लिहायला घेतला: "कृपया ऊठसूट सर्वांना उत्तरं..."

वाक्य पुरं व्हायच्या आत टिंग झालं. "पोचलं." खाली माझं अर्धं वाक्य.

मी तर काहीच पाठवलं नव्हतं! मान वळवली. काका खिडकीशी उभे राहून दोन्ही हातांत धरलेल्या चहावर फुंकर घालत होते.

मी लिहिलेलं पुसलं, कॉम्प्युटरच बंद केला. मनात म्हटलं, हा माणूस सगळ्यांना पोच देतो, पण स्वतःला पोच म्हणून नाही.

सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजले. शेजारच्या ताईंनी आपला माझ्यापुढे धरला. "पोचलं." खाली माझ्या मनातलं वाक्य, शब्द न् शब्द.

"अहो, असलं काही सगळ्यांना पाठवतात का?" ताई म्हणाल्या.

आता डोक्यात काही म्हणजे काही येऊ द्यायचं नाही, असं ठरवून मी भिंतीकडे बघत बसलो.

तेवढ्यात केबिनमधून साहेब बाहेर आले. त्यांचा केसांचा टोप पार कानावर आला होता.

खिडकीशी काकांची फुंकर थांबली.

साहेबांच्या खिशात टिंग झालं.