सिलेशियाची गावं

ऑल्विन सर आणि फियोना मॅडम प्रदर्शन बघून आखातातल्या लुसैल शहरात घरी निघाले होते. गाडी मी चालवत होतो. पोलंडमधल्या सिलेशिया प्रांताचे जुने नकाशे मांडले होते म्हणे, आणि ते बघून सरांचं डोकं तापलं होतं.

"राज्य बदललं की गावाचं नाव बदललं!" मागच्या सीटवर ते मॅडमना सांगत होते. "जर्मनांनी आपल्या सोयीचं ठेवलं, मग पोलंडवाल्यांनी आपल्या सोयीचं. आणि हे नकाशे काढणारे विद्वान, हूं की चूं न करता बसले खोडत! तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलं? माणसं नव्हती का ती?"

मॅडम हळहळल्या. "लाज कशी वाटली नाही रे त्यांना?"

"लाज? स्वतःला सोपं पडावं म्हणून दुसऱ्याचं नाव बदलायचं, याला नुसती मस्ती लागते. आपल्या वसईत कुणी करून बघावं असं!"

एवढ्या मोठ्या हुद्द्याच्या माणसाला परक्या मुलखातल्या गावांचा इतका कळवळा यावा, ही काय साधी गोष्ट आहे? मला तर भरूनच आलं.

सिग्नल हिरवा झाला. सरांनी माझ्या सीटवर मागून टकटक केली. "यल्ला राजू, झोपलास काय?"

मी गाडी काढली.

 

माझं नाव हरिदास. माझ्याआधी या गाडीवर असलेला राजू नेपाळचा होता. त्याचं खरं नाव सरांना आठवत नाही.