पुढचे स्प्रिंग

पुढच्या चाकाचा नट सुटेना, तेव्हा तिने पान्यावर सरळ पाय दिला आणि सगळा भार टाकला. नट करकरला. "या माणसाला काही सांगायचं म्हणजे दगडावर डोकं आपटणं," ती चाकालाच म्हणाली.

हा माणूस म्हणजे तिचे बाबा. गॅरेज त्यांनीच उभं केलेलं. दोन वर्षांपूर्वी एक दिवस अचानक "आता तू बघ" म्हणून ते बाजूला झाले आणि स्वतःकडे ठेवली ती फक्त ही लाल स्पोर्ट्‌स कार. दोन माणसांची, मुलीपेक्षाही वयाने मोठी. मग त्या गाडीचा छळ सुरू झाला. आधी पुढचे स्प्रिंग कापून गाडी खाली बसवली. नंतर कडक शॉकअप घातले. गेल्या वर्षी तर चाकांच्या सांध्यांमधले चांगले रबरी बुश काढून टणक प्लास्टिकचे बसवायला लावले. रस्त्यावर काडेपेटी पडलेली असली तरी ती मणक्यात कळायची. कुणी बोललं की उत्तर ठरलेलं, "स्पोर्ट्‌स कार आहे ही, दिवाण नाही."

त्यांची हाडं, त्यांनी खिळखिळी करावीत. पण शेजारी आई बसायची. रोज दुपारी दोघं तळ्यापर्यंत जाऊन यायची. परत आल्यावर आई दाराला धरून जरा वेळ उभी राहायची, मग चालायला लागायची. मानेला पट्टा आला. डॉक्टरांनी हादरे टाळायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आई पट्टा घालून गाडीत बसली. तोंडातून ब्र नाही. वर नवऱ्याला पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा, चहाचा कप थेट हातात द्यायचा. हे लाड बघून मुलीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

म्हणून आज तिने कुणालाच विचारलं नाही. सकाळीच गाडी जॅकवर घेतली. पुढची बाजू उघडल्यावर तिला शिव्याच सुचल्या. कापलेल्या स्प्रिंगना दबायला जागाच उरली नव्हती. गाडी नुसती रबरी ठोकळ्यांवर आपटत चालली होती. तिने ते सगळं काढून कोपऱ्यात फेकलं. लांब, मऊ स्प्रिंग घातले. शॉकअप बदलले. बुश पुन्हा रबरी केले. मग बॉनेटवर दोन्ही हातांनी जोर दिला. गाडी छान खाली गेली आणि सावकाश वर आली.

दुपारी बाबा आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही. सवयीने पुढच्या चाकावर हात ठेवला आणि जागच्या जागी थांबले. चाक आणि पत्रा यांच्यामध्ये आता चांगला पंजा मावत होता.

"कुणाला विचारून केलंस?"

"आईच्या मानेला विचारून."

आई पट्टा बांधत बाहेर आली होती. "मी येते ना बरोबर," ती घाईने म्हणाली.

"तू आज बसायचं नाहीस," मुलगी कडाडली. "आधी एकट्यांना चालवून बघू दे. चांगली गाडी कशी असते ते कळू दे एकदा."

"अगं, पण..."

"राहा तू घरी," बाबाही तडकले. रागात त्यांना कुणाचंच ऐकू येत नसे. गाडी बाहेर पडली. समोरच्या भेगाळलेल्या रस्त्यावरून ती लोण्यासारखी गेली. मुलीने समाधानाने हात पुसले. आई मात्र फाटकातून हलली नाही.

हात पुसून होतायत तोच फोन आला. शाळेसमोरच्या दुकानदाराचा. गाडी फूटपाथवर चढली होती.

मुलगी धावत सुटली. शाळेला सुट्टी होती म्हणून निभावलं. वळणावर न वळता गाडी सरळ जाऊन शाळेच्या भिंतीला भिडली होती. एक दिवा फुटला होता. कपाळावर टेंगूळ घेऊन बाबा बाहेर उभे होते आणि तिचा आवाज ऐकताच तिच्यावर तुटून पडले.

"काय करून ठेवलंस माझ्या गाडीचं? रेल्वेचे रूळ ओलांडले ते मला कळलंसुद्धा नाही!"

"तेच तर हवं होतं! त्यासाठीच मरत होते मी सकाळपासून!"

"आणि रुळांनंतरचा खड्डा? तो कुठे गेला?"

"खड्ड्यात गेला तो खड्डा!" ती किंचाळली. दुकानातली माणसं बाहेर आली. "इथे मुलं असती तर? एवढी थोरली भिंत समोर आहे, बाबा! डोळे फुटले होते का तुमचे?"

बाबांनी कपाळावरचं टेंगूळ चाचपलं.

"किल्ली द्या. आजपासून या गाडीला हात लावायचा नाही."

ती भांडायला पुरती तयार होती. आयुष्यात त्यांनी तिचं एक म्हणणं मुकाट ऐकलं नव्हतं. पण बाबांनी खिशातून किल्ली काढली आणि पुढे धरली. तिच्या पसरलेल्या तळव्यापासून वीतभर बाजूला, हवेत. आणि तशीच धरून राहिले.

तिने किल्ली घेतली नाही. ती त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिली.

आई धापा टाकत पोचली. तिने आधी नवऱ्याचं कोपर पकडलं, मग मुलीकडे पाहिलं.

"माणसं, गाड्या, सिग्नल मी सांगायचे," आई म्हणाली. "रस्ता त्यांना धक्क्यांवरून कळायचा."