खणाला खण

"ताणून धर की! हातात दम न्हाई का?"

गहिनीनाथ खेकसला, तसं आसारामनं टेपचं टोक भिंतीशी आणखी दाबून धरलं. दुसरं टोक ग्रामसेवकाच्या हातात होतं. आणि गहिनीनाथ दोघांच्या मधे कमरेत वाकून, धाकट्या भावाच्या अंगठ्यावर डोळे लावून चालला होता. टोक भिंतीपासून वीतभर पुढं सरकवून माप कमी दाखवायला कितीसा वेळ लागतो!

प्रकरण म्हटलं तर एवढंसंच. बापाचं आठ खणांचं धाब्याचं घर दोघा भावांनी मधे भिंत घालून वाटून घेतलेलं. चार खण थोरल्याला, चार धाकट्याला. खणाला खण. छताला दोन तुळयांमधला गाळा तो एक खण, हे शेंबडं पोरगंही सांगेल. आणि ग्रामपंचायतीनं लावलेल्या नव्या घरपट्टीत गहिनीनाथला पंधरा रुपये, आसारामला बारा! घर एक, माती एक, भिंतसुद्धा एकच. मग तीन रुपये आले कुठून? दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडावी तेव्हा एवढे हातात पडायचे.

गहिनीनाथला उत्तर ठाऊक होतं. ग्रामसेवकाची सायकल दोनदा आसारामच्या दारात उभी असलेली त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तिथं लिंबाची सावली आहे म्हणून ती तिथं लावतात, असं आसाराम म्हणाला होता. सावली म्हणे! गहिनीनाथनं दुसऱ्याच दिवशी हरकतीचा अर्ज दिला आणि वर ग्रामसेवकाला तोंडी बजावलं, "भाऊसाहेब, माज्यासमोर मोजा. आन् माप कागदावर घ्या. दोघांच्याबी सह्या पाह्यजेत. उद्या कुनी पलटायला नको."

आज ते सगळं त्याच्या मनासारखं चाललं होतं.

"वीस फूट," ग्रामसेवकानं आसारामच्या घराचं माप वाचलं. "रुंदी बारा."

मग सगळे भिंतीपलीकडं आले. गहिनीनाथची बायको लंकाबाई दारातच पदर खोचून उभी होती. "बोटं बगा त्याची, बोटं," ती नवऱ्याला म्हणाली. दीर ऐकतोय याची तिला काही पडलेली नव्हती.

"पंचवीस फूट," ग्रामसेवक म्हणाला. "रुंदी तीच, बारा."

"पंचवीस? डोळे फुटले का काय तुमचे?" गहिनीनाथनं आसारामच्या हातातून टोक हिसकावलं. "सर बाजूला. मी धरतो. लंके, तू पलीकडून धर. ह्या दोगांचा इस्वास न्हाई मला."

नवराबायकोनं मोजलं. लंकाबाईनं टेप अशी ओढली की तुटते की काय वाटावं. गहिनीनाथ उकिडवा बसला आणि आकड्यावर बोट ठेवून त्यानं तो मोठ्यानं वाचला. पंचवीस.

ग्रामसेवकानं छताकडं पेन दाखवलं. "अहो, ह्या तुळया बघा, एकमेकींपासून केवढ्या अंतरावर टाकल्यात. वडलांनी हे चार खण आधी बांधले असतील, तेव्हा तुळयांवर आडवं टाकायला लांब लाकूड मिळालं. पलीकडं आखूड लाकडावर भागवलंय, म्हणून खण अरुंद. खण चार-चारच आहेत, पण जागा सारखी नाही. तुम्हाला पाच फूट जास्त आलंय, गहिनीनाथराव. पट्टी बरोबर लागलीय."

लंकाबाईनं टेप हळूच खाली ठेवली आणि चुलीवर काहीतरी असल्यागत ती आत निघून गेली.

गहिनीनाथची नजर मात्र मधल्या भिंतीवर गेली. तीन रुपये गेले खड्ड्यात! पाच फुटांचे निम्मे अडीच फूट, म्हणजे आसारामनं सारखी वाटणी मागितली की भिंत अडीच फूट आत सरकणार. धान्याची कणगी, देवळी, पोरांची अंथरुणं, सगळं त्या भिंतीलगतच होतं. आणि हे माप त्यानं स्वतःच्या हातानं मोजून स्वतःच्याच तोंडानं मोठ्यांदा वाचलं होतं.

"हरकत नामंजूर," ग्रामसेवकानं कागद पुढं केला. "करा सह्या."

"भाऊसाहेब, हे माप... लिवलंच पाह्यजे का?"

"तुम्हीच म्हणालात ना, कागदावर घ्या म्हणून?"

आसारामनं अंगठा शाईत बुडवून कागदावर उठवला. कुठं उठवायचा, तेवढं फक्त विचारलं. गहिनीनाथनं सही केली, ती रेघ सोडून खाली गेली.

ग्रामसेवक सायकलवर टांग टाकून गेला. आसारामही निघाला होता, तेवढ्यात गहिनीनाथनं त्याचं मनगट धरलं. उद्या हा तालुक्याला, जामखेडला जाणार, वकील गाठणार, त्या कागदाची नक्कल काढणार. त्याला ते सगळं आत्ताच दिसायला लागलं होतं.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"भिंत घातली तवापासनं. पावलं टाकून बगितली हुती."

"आन् सात वर्सं गप बसलास? खरं सांग आसा, काय डाव हाय तुजा?"

आसारामनं मनगट सोडवून घेतलं आणि अंगठ्याची शाई धोतराला पुसली.

"डाव कसला, दादा. वाटनीच्या दिशी मी दोरी आनली हुती मोजायला. तुमीच म्हनला, मोजतोस कशाला, भाऊ हाय आपुन."