नाण्याची परीक्षा

आमच्या जलविद्युत केंद्रात दुरुस्त केलेल्या जनित्राची परीक्षा नाणं घेतं. चालत्या जनित्रावर ते कडेवर उभं राहिलं, तर जोडणी चोख. बाबा इथे फोरमन होते, पण तीस वर्षांत त्यांचं नाणं एकदाही टिकलं नाही. "नाणंच वाकडं आहे," ते म्हणायचे.

आज माझी पहिली जोडणी. बाबा मुद्दाम तेच नाणं घेऊन आले. मी झडप उघडली. धरणाचं पाणी नळातून खाली कोसळलं, चाक गरगरलं, वर जनित्र घुमू लागलं आणि वीज गावाकडे निघाली. बाबांनी नाणं उभं करून हात काढला. ते उभंच राहिलं.

पाळीवरचे सगळे टाळ्या वाजवू लागले.

"तीस वर्षं उगाच नाण्याला नावं ठेवली," बाबा म्हणाले.