टिपूस

शुक्रवार पेठेतल्या घरासमोर वडिलांचा देह ठेवला होता आणि उशाशी बसलेल्या आईचे डोळे कोरडे होते. "नवरा गेला, तरी नागूबाईच्या डोळ्यांत टिपूस न्हाय," शेजारीण पुटपुटली. लेक धम्मप्रियाने ऐकलं. आईच्या अश्रुग्रंथी आजाराने सुकल्या होत्या. त्याच आजारावरचं औषध तपासण्यासाठी धम्मप्रियानेच प्रयोगशाळेत निरोगी सशांच्या अश्रुग्रंथी काढल्या होत्या. आज सकाळीही अश्रू मोजायला सशाच्या पापणीत अडकवलेली कागदाची पट्टी कोरडीच निघाली होती. शेजारणीला समजावायला ती उठली, तसा आईने हात धरला. "तुझ्या सशांच्या डोळ्यांत आलं का गं पाणी?" "अजून नाही, आई." "मला लई रडायचंय गं." धम्मप्रियाने आईला मिठीत घेतलं, गालाला गाल लावला आणि ती स्वतःच हमसून हमसून रडली. दोघी दूर झाल्या, तेव्हा आईचे गाल भिजले होते. "रडली गं बाई एकदाची," शेजारीण म्हणाली.